ओपस फाइल वाजवायची होती: एका छोट्या प्लेअरमध्ये नवा कोडेक घालताना

देवरुखला राहणाऱ्या माझ्या आत्याची नजर गेल्या काही वर्षांत जवळजवळ गेली. मोबाइलचा गुळगुळीत पडदा तिच्या कामाचा नाही, तिला बोटाला लागेल असं बटण हवं. म्हणून मी तिच्यासाठी एक खोका तयार केला. आत छोटा सिंगल-बोर्ड संगणक, यूएसबी साउंड कार्ड आणि स्पीकर, वर चार मोठी बटणं: मागचं, पुढचं, थांब-चालू आणि दहा सेकंद मागे. पेनड्राइव्ह लावला की त्यावरच्या फाइली ओळीनं वाजतात. प्लेअर मीच सी भाषेत लिहिला होता. तो एमपीथ्री, फ्लॅक आणि वेव्ह या तीन प्रकारच्या फाइली वाजवायचा. कीर्तनं आणि नाट्यगीतं ऐकायला तेवढं पुरत होतं.

मग दुबईचा तिचा मुलगा आणि नागपूरची नात व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवू लागले. शेजारचा मुलगा ते फोनवरून पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचा आणि खोका त्या फाइलींना हातही न लावता पुढच्या कीर्तनावर जायचा. व्हॉट्सॲपचे आवाजी निरोप ओपस या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबून साठवण्याच्या आणि परत उलगडण्याच्या एका पद्धतीत असतात आणि माझ्या प्लेअरला ओपस कळत नव्हतं.

हे प्रकरण त्या एका कोडेकचं आहे. काम एका संध्याकाळचं वाटलं होतं, त्यात तीन आठवड्यांचे शनिवार-रविवार गेले. त्यातले बहुतेक तास आवाज उलगडण्यात गेलेच नाहीत. ते कशात गेले, हेच इथं नीट मांडायचं आहे, कारण पुढे कुणी आपल्या प्लेअरमध्ये असा कोडेक घालायला बसलं तर त्याचे ते तास वाचावेत.

आधी एका रास्त प्रश्नाबद्दल. फाइली पेनड्राइव्हवर टाकतानाच एमपीथ्रीत बदलून का घेतल्या नाहीत? पहिले काही दिवस तेच केलं. पण त्यासाठी शेजारच्या मुलाला दर वेळी एक जादा पायरी करावी लागायची, आणि परीक्षेच्या दिवसांत ती राहून जायची. शिवाय निरोप आधीच बराच दाबलेला असतो. तो उलगडून पुन्हा दुसऱ्या पद्धतीनं दाबला की आवाजाची कड आणखी झिजते. नीट न दिसणारं माणूस आवाजावरूनच ओळखतं की बोलणारा थकलाय की हसतोय. ती कड मला जपायची होती.

लायब्ररी मिळाली, पण ती फाइल घेत नव्हती

ओपसची ओळख थोडक्यात अशी. स्काइपचा सिल्क आणि झिफ संस्थेचा केल्ट हे दोन कोडेक एकत्र करून तो घडवला गेला. सिल्क माणसाच्या बोलण्यासाठी, तर केल्ट संगीतासाठी आणि कमीत कमी विलंबासाठी. सप्टेंबर २०१२ मध्ये आरएफसी ६७१६ म्हणून तो प्रमाण झाला; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या प्रमाणांचे क्रमांकित दस्तऐवज. सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत तो चालतो. वापरायला पैसे लागत नाहीत आणि त्याच्या लायब्ररीचा, म्हणजे आपल्या प्रोग्रामला जोडता येणाऱ्या तयार कोडचा, परवाना बीएसडी प्रकारचा, म्हणजे मोकळा आहे.

त्या आरएफसीतली एक गोष्ट मला फार आवडते. प्रमाण ठरतं ते तिच्यातल्या वर्णनावरून नव्हे, सोबतच्या सी भाषेतल्या डिकोडरवरून, म्हणजे दाबलेला आवाज उलगडणाऱ्या कोडवरून. वर्णन आणि कोड यांचं कुठं पटलं नाही तर कोड खरा. आणि तो कोड कुठल्या दुव्यावर ठेवलेला नाही, दस्तऐवजाच्या आतच मजकूर म्हणून गुंफलेला आहे. तीन फुल्यांसारख्या खुणांनी सुरू होणाऱ्या ओळी गाळून घ्यायच्या, खुणा काढून टाकायच्या, उरलेलं बेस-६४ (माहिती साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) मधून उलगडायचं, की हातात संपूर्ण स्रोत येतो. हे करणारी आज्ञासुद्धा तिथंच छापली आहे. सोबत बारा चाचणी-फाइली मिळतात. तुमचा डिकोडर त्या बाराही फाइलींत बरोबर ठरला तरच तो ओपसचा डिकोडर. २०१७ साली आरएफसी ८२५१ नं डिकोडरमधल्या काही चुका दुरुस्त केल्या आणि चाचणी-फाइलीही नव्या दिल्या.

एवढी चोख तयारी पाहून मी निर्धास्त झालो. एमपीथ्रीसाठी मी एमपीजी-१२३ ही लायब्ररी वापरली होती. तिला फाइलीचं नाव द्यायचं, ती सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या क्षणाक्षणाच्या मोजणीचे आकडे, काढून देते. फ्लॅकचंही तसंच. ओपसचंही तसंच असेल असं धरून मी त्याची मूळ लायब्ररी जोडली, आणि तिचं डिकोड करणारं फंक्शन पाहिलं तर ते फाइल मागतच नव्हतं. ते एक पॅकेट, म्हणजे दाबलेल्या आवाजाचा छोटा तुकडा, मागत होतं.

सगळं प्रकरण या एका फरकावर उभं आहे. ओपस मुळात इंटरनेटवरच्या बोलण्यासाठी घडवलेला. तिथं जाळ्यातून पॅकेट येतं आणि डिकोडरकडे जातं, मधे फाइल नसतेच. प्रत्येक पॅकेटचा पहिला बाइट सांगतो की आत काय आहे: पाच बिटांत ३२ पैकी कुठली मांडणी, एका बिटात मोनो की स्टिरिओ, दोन बिटांत किती फ्रेम, म्हणजे आवाजाचे छोटे खंड. व्यवस्था सुरेख आहे. पण पेनड्राइव्हवरच्या फाइलीत ही पॅकेटं ऑग नावाच्या डब्यात भरलेली असतात, आणि डबा उघडणं हे त्या लायब्ररीचं काम नाही.

तीनपट संथ आवाज

मी ठरवलं, डबा आपणच उघडू. ऑग काही अवघड दिसत नव्हता. फाइल पानापानांची असते. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला ओ, जी, जी, एस ही चार अक्षरं, एकूण २७ बाइटांचा मथळा, मग पॅकेटांच्या लांब्यांचा तक्ता आणि मग माल. पहिल्या पानात ओपसचं शीर्षक असतं, साधारणपणे १९ बाइटांचं: आठ अक्षरांची खूण, आवृत्ती, चॅनेलची संख्या, सुरुवातीची किती सॅम्पल टाकून द्यायची तो आकडा, सॅम्पलिंगचा दर (सेकंदाला किती सॅम्पल), आवाजाची वाढ-घट आणि शेवटी चॅनेलच्या मांडणीचा एक बाइट.

शनिवारी रात्री पहिला आवाज आला. रविवारी खोका देवरुखला नेला. आत्यानं बटण दाबलं, मुलाचा निरोप थोडा ऐकला आणि तिचा चेहरा उतरला.

"अरे, हा आपला सुधा ना? असा का बोलतोय? बरं नाहीये का त्याला?"

आवाज खोल, ओढलेला, आजारी माणसासारखा येत होता. मी तिला सांगितलं की सुधा ठणठणीत आहे, चूक माझ्या खोक्यात आहे. पण तिनं लगेच त्याला फोन लावायला लावला आणि त्याचा आवाज ऐकल्यावरच तिचा जीव भांड्यात पडला.

कारण साधं निघालं. त्या फाइलीच्या शीर्षकात सॅम्पलिंग दराच्या जागी १६००० लिहिलेलं होतं. मी डिकोडर ४८००० वर चालवला होता, पण साउंड कार्ड शीर्षकातला आकडा वाचून १६००० वर उघडलं होतं. म्हणून एका सेकंदाचा आवाज तीन सेकंद वाजत होता. ओपसच्या शीर्षकातला तो आकडा वाजवण्यासाठी नसतो. मूळ ध्वनी दाबण्याआधी कुठल्या दराचा होता याची ती फक्त नोंद आहे. ऑगमधल्या ओपसचं घड्याळ नेहमी ४८ किलोहर्ट्झचं, फाइलीत काहीही लिहिलेलं असो.

हे लिहून ठेवलेलं आहे, आरएफसी ७८४५ मध्ये. ओपस ऑगमध्ये कसा भरायचा हे सांगणारा तो वेगळा दस्तऐवज एप्रिल २०१६ मध्ये प्रमाण झाला, म्हणजे कोडेकनंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळानं. मसुदा आणि साधनं आधीपासून होती, हे खरं. पण मी फक्त पहिला दस्तऐवज वाचून कामाला लागलो होतो, आणि माझ्यासारखे पुष्कळ लोक तसंच करतात. "कोडेकचं प्रमाण" म्हटलं की डोळ्यांपुढे डिकोडर येतो, डबा येत नाही.

याच जातीचा सापळा एएसी हा दुसरा कोडेक वापरणाऱ्यांनाही भेटतो. त्याच्या एचई-एएसी या प्रकारच्या काही प्रवाहांत शीर्षक २२०५० हा दर सांगतं आणि आवाज प्रत्यक्षात ४४१०० चा निघतो, कारण वरच्या पट्टीची माहिती आत लपून आलेली असते. शीर्षकातला आकडा आणि कानावर येणारा दर ही एकच गोष्ट नव्हे, हे प्लेअर लिहिणाऱ्यानं कुठल्याही कोडेकच्या बाबतीत आधी तपासावं.

डब्यातले बाकीचे खड्डे

दर दुरुस्त केला आणि निरोप नीट वाजू लागले. मला वाटलं काम झालं. मग पुढच्या दोन आठवड्यांत एकेक खड्डा उघडा पडला.

पहिला पॅकेटांच्या लांबीचा. ऑगच्या तक्त्यात एका खणात जास्तीत जास्त २५५ मावतं. पॅकेट त्याहून मोठं असेल तर २५५ चे खण एकापुढे एक येतात आणि २५५ पेक्षा लहान आकडा आला की पॅकेट संपतं. पॅकेट नेमकं ५१० बाइटांचं असेल तर शेवटी शून्याचा खण यावाच लागतो. आणि पान संपलं तरी पॅकेट संपलेलं नसेल तर ते पुढच्या पानावर चालू राहतं. निरोपांच्या फाइलींत पॅकेटं लहान होती आणि प्रत्येक पॅकेट एकाच पानात पुरं होत होतं, त्यामुळे माझा अर्धवट कोड महिनोन्महिने बिनबोभाट चालला असता. एका भाच्यानं भजनांची उच्च दर्जाची स्टिरिओ ओपस फाइल दिली तेव्हा दर काही सेकंदांनी खरखर ऐकू आली.

त्याच भजनाच्या फाइलीत दुसरा खड्डा होता. तिच्या शीर्षकात आवाजाच्या वाढ-घटीच्या जागी उणे १५३६ होतं. हा आकडा डेसिबलच्या २५६व्या भागात मोजतात, म्हणजे उणे ६ डेसिबल. माझा प्लेअर तो वाचायचा आणि सोडून द्यायचा, म्हणून निरोपानंतर भजन अंगावर आल्यासारखं मोठ्यानं सुरू व्हायचं. हा आकडा शोभेचा नाही, प्लेअरनं तो आपणहून लागू करावा अशी प्रमाणाची शिफारस आहे.

सुरुवातीची टाकून द्यायची सॅम्पल मी आधी टाकतच नव्हतो. निरोपाच्या फाइलीत तो आकडा ३१२ होता, म्हणजे साडेसहा मिलिसेकंद. कानाला ते कळतही नाही. पण एकाच मैफिलीचे सलग तुकडे एकापुढे एक वाजवले की जोडाच्या ठिकाणी टिचकी ऐकू येते. एमपीथ्रीच्या काळात ही माहिती प्रमाणात नव्हतीच. लेम या एमपीथ्री बनवणाऱ्या एन्कोडरनं आपल्या टॅगमध्ये आगे-मागे किती सॅम्पल जादा आहेत ते लिहायला सुरुवात केली आणि प्लेअर ते वाचू लागले. ओपसवाल्यांनी ती सोय पहिल्या दिवसापासून शीर्षकात दिली. हे जुन्या दुखण्यावरून शिकणं आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र "दहा सेकंद मागे" या बटणानं खाल्ला. आत्या हेच बटण सर्वांत जास्त दाबते. नातीचं एखादं वाक्य तिला चारदा ऐकायचं असतं. ओपसचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारी बिटं, बदलता असतो, त्यामुळे फाइलीच्या निम्म्या बाइटांवर निम्मा वेळ असेलच असं नाही. प्रत्येक पानावर वेळेचा एक आकडा असतो. मधल्या जागी उडी मारायची, जवळचं पान शोधायचं, आकडा पाहायचा, मग डाव्या किंवा उजव्या अर्ध्यात पुन्हा उडी मारायची, असं करत योग्य पान गाठावं लागतं. तिथं पोचल्यावरही लगेच आवाज काढायचा नसतो. डिकोडर मागच्या फ्रेमवरून पुढचीचा अंदाज बांधतो, आणि मागची फ्रेम त्यानं पाहिलेलीच नसते. म्हणून हव्या त्या क्षणाच्या निदान ८० मिलिसेकंद आधीपासून, म्हणजे ३८४० सॅम्पल आधीपासून, उलगडत यायचं आणि तेवढा आवाज फेकून द्यायचा, असं आरएफसी ७८४५ सांगते. माझी उडी बाइटांच्या प्रमाणात होती. ती कधी सात सेकंद मागे जायची, कधी पंधरा, आणि दर वेळी सुरुवातीला चिवचिव व्हायची.

तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी माझ्याकडे ऑग उघडणारा सुमारे सहाशे ओळींचा कोड होता आणि त्यावर माझाच विश्वास नव्हता.

तीच गोष्ट कुणीतरी आधीच करून ठेवली होती

झिफचीच आणखी एक लायब्ररी आहे, ओपसफाइल नावाची. तिला फाइल द्यायची. ती ऑगची पानं जुळवते, सुरुवातीची सॅम्पल टाकते, वाढ-घट लागू करते, शेवटच्या पानावरचा आकडा पाहून अखेरचा जादा भाग कापते, उडी अचूक मारते. तिचं एक फंक्शन तर फाइल मोनो असो की सहा चॅनेलची, तुम्हाला कायम स्टिरिओच देतं. माझ्या खोक्याला दोनच स्पीकरांची जागा असल्यानं मी तेच घेतलं. एका वेळी १२० मिलिसेकंदांचा माल मावेल एवढी, म्हणजे दोन चॅनेल मिळून ११५२० सॅम्पलची जागा तिला द्यावी अशी शिफारस आहे. दर नेहमी ४८०००. प्रश्न मिटला.

सहाशे ओळी काढल्या आणि त्या जागी चाळीसेक आल्या. मग मुद्दाम छळून पाहिलं. दोन निरोप कॅट या आज्ञेनं एकापुढे एक चिकटवून एक फाइल केली. ऑगमध्ये हे वैध आहे, जोडलेले प्रवाह म्हणतात त्याला. माझ्या जुन्या कोडनं दुसऱ्या निरोपाचं शीर्षक ध्वनी समजून डिकोडरला चारलं असतं. ओपसफाइलनं दोन्ही नीट वाजवले.

एक चूक तिथंही माझीच झाली आणि ती सांगण्यासारखी आहे. वाचणारं फंक्शन शून्य देतं तेव्हा फाइल संपलेली असते, उणे आकडा देतं तेव्हा चूक असते. मी उणे काहीही आलं की फाइल बंद करत होतो. आत्याचा पेनड्राइव्ह जुना, एका निरोपाच्या मधलं एक पान त्यानं खराब केलेलं होतं. ऑगच्या प्रत्येक पानाला तपासणीचा आकडा असतो. तो जुळला नाही की लायब्ररी ते पान टाकून देते आणि एकदा उणे ३ परत करते. त्याचा अर्थ एवढाच की इथं एक भोक आहे, पुढे वाचा. मी वाचत नव्हतो, त्यामुळे मुलाचा निरोप "आणि आई, पुढच्या महिन्यात मी" इथंच तुटायचा. आत्या दोन दिवस विचारत होती की पुढच्या महिन्यात काय. एका ओळीची दुरुस्ती केली, तेव्हा कळलं की तो गणपतीला येणार होता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. डिकोडर दिला म्हणजे कोडेक दिला असं होत नाही. डब्याचं लिखित प्रमाण, डबा उघडून सरळ सॅम्पल देणारी लायब्ररी आणि बिघडलेल्या फाइलींचे नमुने हे त्याच्यासोबत आले, तरच छोटा प्लेअर लिहिणारा माणूस तो कोडेक निर्धास्तपणे घालू शकतो. बारा चाचणी-फाइली डिकोडर लिहिणाऱ्यासाठी आहेत. प्लेअर लिहिणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात: कुठून सुरू, कुठं संपतं, मागे कसं जायचं, मधे खराब असेल तर काय. ओपसच्या मंडळींनी याची उत्तरं देणारी लायब्ररी लिहून मोकळ्या परवान्यानं दिली. तिच्याकडे मी तीन आठवडे उशिरा गेलो.

प्लेअरची बाजू

दोष सगळा डब्याचा नव्हता. माझ्या प्लेअरची रचनाही नव्या कोडेकला दार उघडून देणारी नव्हती. फाइलीचं नाव कशानं संपतं ते पाहून तीन फाटे फुटायचे, आणि प्रत्येक फाट्यात वाचणं, थांबणं, मागे जाणं, साउंड कार्डकडे पाठवणं असं सगळं पुन्हा लिहिलेलं होतं. ओपस घालायला मला सात ठिकाणी हात लावावा लागला. त्यातली दोन मी विसरलो. त्यातल्या एकामुळे ओपस वाजत असताना थांब-चालू बटण काम करत नव्हतं.

मोठे प्लेअर हे कसं करतात ते पाहिलं. व्हीएलसीत प्रत्येक डिकोडर हा वेगळा मॉड्यूल असतो. तो आपण काय करू शकतो ते आणि आपला अग्रक्रमाचा आकडा जाहीर करतो, आणि गाभा त्यावरून निवड करतो. प्लेअर बांधण्याच्या जीस्ट्रीमर या चौकटीत फाइलीचा प्रकार ओळखणारा घटक वेगळा, डबा उघडणारा वेगळा, डिकोडर वेगळा, आणि प्रत्येकाला श्रेणी असते. गाभ्याला कुठल्याही कोडेकचं नाव माहीत असावं लागत नाही.

माझ्या खोक्याला इतकं नको होतं. मी पाच फंक्शनांचा एक करार ठरवला: ओळख, उघड, वाच, जा, मिट. "वाच" नेहमी ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, १६ बिट देणार. फाइल वेगळ्या दराची असेल तर बदल करायचा तो कराराच्या अलीकडे, त्या कोडेकच्या फाइलीत. "जा" ला मिलिसेकंद द्यायचे, बाइट किंवा पान यांचं नावही बाहेर दिसता कामा नये. बटणं, साउंड कार्ड, यादी यांपैकी कुणालाही कोडेक कळता कामा नये.

"ओळख" या फंक्शनवर मी सर्वांत जास्त विचार केला. नावाच्या शेपटीवर विश्वास ठेवता येत नाही. ऑगच्या डब्यात ओपस असू शकतो, व्हॉर्बिस असू शकतो, स्पीक्स किंवा फ्लॅकही असू शकतो, आणि फोनवरून फिरून आलेल्या फाइलीची शेपटी कधी कधी पार बदललेली असते. पण पहिलं पान खोटं बोलत नाही. मथळ्याचे २७ बाइट, तक्त्याचा एक, म्हणजे पहिले २८ बाइट सोडले की आतल्या कोडेकची खूण सुरू होते: ओपसची आठ अक्षरं किंवा व्हॉर्बिसचं स्वतःचं नाव. म्हणून प्रत्येक कोडेकला फाइलीचे पहिले ६४ बाइट दाखवायचे आणि त्यानं शून्य ते शंभर गुण सांगायचे. ओपस आठ अक्षरं जुळली तर शंभर म्हणतो. एमपीथ्रीची सुरुवातीची खूण अवघी अकरा बिटांची, ती कुठल्याही फाइलीत योगायोगानं सापडू शकते. म्हणून नुसत्या खुणेवर त्याला वीसच.

गुणांच्या बाबतीत एवढा काटेकोरपणा कशासाठी, तर विंडोजवर कोडेक पॅक, म्हणजे कोडेकांचा गठ्ठा, घालण्याचा काळ मी पाहिला आहे. नेट कॅफेतून सीडीवर आणलेला पॅक घातला की हवी ती फाइल चालायची आणि आधी चालणारी बंद पडायची. विंडोजच्या डायरेक्टशो या माध्यम-व्यवस्थेत प्रत्येक फिल्टर, म्हणजे कोडेकचा घटक, आपला गुणवत्तेचा आकडा स्वतःच सांगायचा. कुणी तो अव्वाच्या सव्वा सांगितला की दुसऱ्याच्या फाइलीही तोच ओढून घ्यायचा. कोडेक घालणं सोपं करताना, एकानं दुसऱ्याचं काम बिघडवू नये याचीही सोय करावी लागते.

इथं कुणी विचारेल, एफएफएमपेग हा सर्व कोडेकांचा मोठा संच का नाही? नव्यानं प्लेअर लिहिणाऱ्याला मी आधी तेच सांगेन. त्यात डबे आणि डिकोडर दोन्ही आहेत, ओपसचा स्वतःचा डिकोडरही आहे, आणि बांधतानाच नको ते सगळं बंद करून हवे तेवढे घटक ठेवता येतात. तिथंही पॅकेट आत ढकलायचं आणि फ्रेम बाहेर ओढायची हे चक्र, चॅनेल वेगवेगळ्या रांगांत येणारे अपूर्णांकी सॅम्पल, आणि शेवटी आत उरलेलं बाहेर काढणं एवढं शिकावं लागतंच. माझ्याकडे तीन लायब्रऱ्या आधीच बसलेल्या होत्या आणि प्रत्येकीचं वागणं मला माहीत होतं, म्हणून चौथी घेतली. चाळीस प्रकारच्या फाइली येणार असत्या तर माझा निर्णय वेगळा असता.

पाचवा कोडेक

कराराची खरी परीक्षा दिवाळीत झाली. आत्याच्या कपाटात एक जुना साधा फोन सापडला आणि त्याच्या कार्डावर आतोबांच्या आवाजाची एक फाइल. आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली. फाइल एएमआर प्रकारची होती, त्या काळच्या फोनवर रेकॉर्डिंग याच प्रकारात व्हायचं.

एएमआरसाठी ओपनकोर-एएमआर ही लायब्ररी आहे. तीही फाइल घेत नाही, एकेक फ्रेम घेते. पण इथला डबा इतका साधा आहे की भीती वाटली नाही. सुरुवातीला सहा बाइटांची खूण. मग फ्रेमामागून फ्रेम, प्रत्येकीच्या पहिल्या बाइटात तिचा प्रकार, आणि प्रकारावरून लांबी ठरलेली. एक फ्रेम २० मिलिसेकंदांची, ८ किलोहर्ट्झवर १६० सॅम्पल. आरएफसी ४८६७ मध्ये हे सगळं मिळतं. आतोबांची फाइल ६७२०६ बाइटांची होती. खुणेचे सहा वजा केले, राहिले ६७२०० आणि सगळ्या फ्रेमा १२.२ किलोबिट प्रकारच्या, प्रत्येकी ३२ बाइटांच्या. म्हणजे २१०० फ्रेमा, बेचाळीस सेकंद. वाजवायच्या आधीच मला माहीत होतं की ते बेचाळीस सेकंद बोलले आहेत.

एक नवी फाइल लिहिली, तिच्यात ती पाच फंक्शनं. उघडताना सगळ्या फ्रेमांवरून एकदा चालत जाऊन प्रत्येकीची जागा नोंदवली, त्यामुळे मागे जाणं म्हणजे नोंदीतला आकडा वाचणं एवढंच राहिलं. आठ किलोहर्ट्झचं अठ्ठेचाळीस करणं आधीच्या वेव्हच्या फाइलीसाठी लिहिलेलं होतंच. नोंदणीच्या यादीत एक ओळ वाढवली. बाकी प्लेअरला हात लावला नाही. दुपारी सुरू केलं होतं, दिवेलागणीला झालं.

आत्या ओटीवर बसली होती. खोका तिच्या मांडीवर ठेवला. आतोबा कुणाला तरी सांगत होते की यंदा आंबा उशिरा येईल, पेट्या कमी भरतील, रत्नागिरीच्या दलालाला तसं कळव. मागे कावळा ओरडत होता. ते बोलणं संपलं तशी तिनं न चाचपडता चौथं बटण शोधलं आणि दाबलं, आणि आवाज बरोबर दहा सेकंद मागे गेला.